मेण पुसायचं राहिलं

यंदा दसऱ्याला ऑपरेशन थिएटरच्या पूजेला मी येणार नाही, असं मंदा सिस्टरला फोनवर सांगून टाकलं. ती म्हणाली, "मॅडम, असं कसं? सर नाहीत म्हणून पूजा बंद ठेवायची का?" मी म्हटलं, "तू कर गं बाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं," आणि फोन ठेवून दिला. मग वाईट वाटलं. तिचा बिचारीचा काय दोष! पण त्या हातोड्या-करवतींना झेंडूचे हार घातलेत आणि देवरे सर समोर उभे नाहीत, ही कल्पनाच मला सोसवेना. आणि दुसरंही एक कारण होतं. दसऱ्याला रोहिणी येते.

देवरे सर हाडांचे डॉक्टर. नाशिकला गंगापूर रोडवर त्यांचं छोटंसं हॉस्पिटल, खाली मेडिकल, वर वॉर्ड, त्याच्या वर थिएटर. मी भूल देणारी. आमची अर्धी कारकीर्द एकाच टेबलाच्या दोन टोकांना गेली, मी पेशंटच्या डोक्याशी आणि ते जिथं मोडलंय तिथं. खानदेशात पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, तर त्या भुलाबाईचं नाव त्यांनी मला पहिल्याच महिन्यात चिकटवलं. "काय भुलाबाई, झोपला का आमचा पाहुणा?" असं विचारल्याशिवाय त्यांनी कधी सुरी हातात घेतली नाही. मी चिडायचे. मी चिडते म्हणून ते जास्तच म्हणायचे.

मूळचे सटाण्याकडचे. बोलायचे आपल्यासारखंच, पण अंगाशी आलं की अहिराणी बाहेर पडायची. सरांच्या तोंडून "थांब व माय" ऐकू आलं की आम्ही सगळे सावध व्हायचो. म्हणजे रक्त जास्त येतंय.

आणि रक्त जास्त आलं की सर काय करायचे? काही नाही. खरंच काही नाही! जखमेत गॉजचं जाळीदार कापड भरायचे, त्यावर हाताचा तळवा ठेवायचे, दाबायचे आणि गोष्ट सांगायला लागायचे. गावातल्या जत्रेची, शाळेतल्या मास्तरांची, विहिरीत पडलेल्या बोकडाची. तोवर थिएटरमध्ये कुणी हलायचं नाही आणि गॉजखाली काय चाललंय ते उघडून बघायचं नाही, हा कायदा. नवीन डॉक्टर हमखास ती चूक करायचे. थांबलं का बघू म्हणून गॉजचा कोपरा उचलायचे, आणि नुकती धरलेली गुठळी गॉजबरोबर निघून यायची, की पुन्हा पहिल्यापासून. सर ओरडायचे नाहीत. म्हणायचे, "तव्यावरची भाकरी अशी सारखी उचलून बघतोस का रे? मग आईनं कधी तव्याजवळ उभं केलं नसेल तुला." आणि गोष्टही पहिल्यापासून सुरू करायचे.

मी इकडे घड्याळाकडे बघत बसायचे. "सर, माझा पेशंट झोपलाय म्हणून त्याला काय दिवसभर झोपवून ठेवू का? लावा की थोडं मेण आणि आटपा!" असं मी एकदा, त्यांची ही सवय नवी असताना, म्हटलं होतं. पुन्हा कधी म्हटलं नाही.

हे मेण म्हणजे मधमाश्यांचंच मेण, औषधी करून पाकिटात येतं. हाड कापलं किंवा मोडलं की त्याच्या आतून, अगदी बारीक बारीक छिद्रांतून रक्त पाझरतं. तिथं टाका घालता येत नाही, चिमट्यानं धरता येत नाही. मेणाची गोळी बोटात मळायची, मऊ झाली की हाडावर दाबून चोळायची, छिद्रं बुजली की रक्त बंद. झटपट काम. पण ज्या वाटेनं रक्त येतं त्याच वाटेनं नवं हाडही येतं. आणि हे मेण अंगात विरघळत नाही. जिथं ठेवलं तिथं बसून राहतं.

सरांच्या खिडकीत एक बशी असायची, तिचीही एक गंमत. एक कंपनीवाला नवीन औषध घेऊन आला, मेणासारखंच, पण अंगात विरघळणारं. बिचारा घामाघूम होऊन माहिती सांगत होता. सरांनी मंदाला दोन बश्यांत पाणी आणायला लावलं. एकीत त्याची गोळी टाकली, दुसरीत मेणाची. म्हणाले, "चहा घ्या आणि पुढच्या आठवड्यात या." तो पुन्हा आला तेव्हा त्याच्या बशीत नुसतं गढूळ पाणी होतं. मेणाची गोळी होती तशी, टुणटुणीत. त्याला वाटलं, झालं, ऑर्डर मिळाली! मिळालीही. पण सर त्याच्याकडे बघतच नव्हते. ते मेणाच्या बशीकडे बघत म्हणाले, "मेणाला नाव ठेवू नका हं तुम्ही. ते आपलं काम चोख करतं. आपण त्याला थांबव म्हणून सांगितलं, त्यानं सगळंच थांबवलं. कुठं लावायचं आणि कुठून पुसून घ्यायचं, ते लावणाऱ्यानं बघायचं असतं." तो पोरगा मान डोलावत गेला. नवीन औषधाची बशी मंदानं धुऊन टाकली. मेणाची बशी सरांनी तिथंच राहू दिली, आणि ती कुणी हलवायची नाही असं सांगून ठेवलं.

आता हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, देवरे सर म्हणजे जन्मजात धीराचा माणूस. अहो, कसलं काय! मी आधीचे देवरे सर पाहिलेत. सुसाट माणूस. दुपारच्या जेवणाच्या आत चार-चार हाडं जोडून मोकळे. कोरडं ठणठणीत ऑपरेशन ही त्यांची शान होती. "बघा भुलाबाई, रक्ताचा थेंब दिसतोय का?" असं दाखवायचे मला. त्या काळात मंदा ट्रॉलीवर मेणाचं पाकीट न मागता काढून ठेवायची.

त्या काळात रोहिणी आली.

अंबडच्या एका कारखान्यातल्या वॉचमनची मुलगी. पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे धावायला जायची, आणि एका पहाटे टेंपोनं उडवलं. उजव्या पायाची नडगी मोडली. टेबलावर घेतली तेव्हा मी भूल द्यायच्या आधी तिनं माझा हात धरून विचारलं, "मॅडम, भरतीपर्यंत धावता येईल ना?" दुखतंय का, खर्च किती, काही नाही. फक्त एवढंच. मी म्हटलं, "अगं, देवरे सर आहेत. पळशील." मी ते सहज म्हटलं होतं.

त्या दिवशी बाहेर अपघाताची आणखी एक केस येऊन पडली होती, खालून सारखे निरोप येत होते. रोहिणीच्या हाडाच्या टोकांतून रक्त पाझरत होतं, नीट दिसेना. सरांनी मेण चोळलं. हाड जुळवायच्या आधी ते पुसून काढायचं, हे त्यांना मी शिकवायला नको. त्यांनी पुसलंही. पण घाईत. टोकं जुळवली, स्टीलची पट्टी बसवली, स्क्रू मारले, हातमोजे काढत खाली पळाले. ऑपरेशन कोरडं, देखणं झालं होतं.

हाड जुळेना. महिने गेले. एक्स-रेमध्ये टोकांच्या मधली काळी रेघ तशीच. दूध, गोळ्या, ऊन, सगळं झालं. भरतीची जाहिरात आली आणि गेली. शेवटी पट्टी तुटली आणि सरांनी पाय पुन्हा उघडला. मी डोक्याशी उभी होते. सरांचे हात एकदम थांबले. मी मान पुढं करून बघितलं. दोन टोकांच्या मधे, पांढऱ्या चिवट पडद्यात गुंडाळलेलं, मेण होतं. जसं लावलं होतं तसं. त्यांनी ते चिमट्यानं उचललं आणि वाटीत ठेवलं.

त्या दिवशी ते टोकं खरवडत बसले, रक्त येईपर्यंत. जिवंत हाडातून रक्त येतं. कोरड्या ऑपरेशनची शान मिरवणारा माणूस रक्ताचा पहिला थेंब आल्यावर मोठ्यानं म्हणाला, "उनं! उनं बघा!" उनं म्हणजे आलं. मग कमरेच्या हाडातून चुरा काढून मधे भरला. कमरेच्या हाडातून भळाभळा रक्त यायला लागलं. मंदानं सवयीनं मेणाचं पाकीट पुढं केलं. सरांनी मान हलवली, गॉज भरलं, तळवा ठेवला आणि दाबून धरलं. खूप वेळ. त्या दिवशी मात्र गोष्ट सांगितली नाही.

या खेपेला हाड जुळलं. पाय किंचित आखूड राहिला, चालताना बघणाऱ्याला कळतं एवढा. तोवर भरतीचं वय उलटून गेलं होतं.

ओळखीच्या डॉक्टरांना सरांनी स्वतःहून सांगितलं. ते म्हणाले, अरे, टेंपोची जखम, कातडी चेंगरलेली, नाहीतरी जुळलं नसतं कदाचित, मेणाचंच काय घेऊन बसलास? सर म्हणाले, "असेलही. पण मेण मी ठेवलं होतं."

एवढंच वाक्य. हेच रोहिणीला सांगायचं होतं.

आमच्या थिएटरमध्ये दसऱ्याला शस्त्रपूजा. हातोडी, छिन्नी, करवत, ड्रिल, सगळं घासूनपुसून हिरव्या कापडावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आणि मंदाच्या हातचा शिरा. दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दसऱ्याला रोहिणी काठी टेकत जिने चढून आली, आपट्याची पानं घेऊन. "सोनं घ्या सर." सरांनी घेतलं. ती वाकायला लागली तसे ते मागंच सरकले. ती म्हणाली, "सर, तुम्ही होतात म्हणून उभी आहे. माझीच घाई नडली. तुम्ही पाय टेकवू नको म्हणाला होतात, मी घरात कुणी नसलं की टेकवून बघायचे, धावता येतंय का. म्हणून नाही जुळलं हाड. आण्णा रोज म्हणतात, तूच वाटोळं केलंस."

मी सरांकडे बघितलं. म्हटलं, आता सांगतील. तर म्हणाले, "बस ना. शिरा खा."

ती गेल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलंत?" म्हणाले, "सणाचा दिवस आहे. पुढच्या वेळी सांगतो."

त्याच दिवशी आणखी एक घडलं. मंदानं पूजेत मेणाचं पाकीटही मांडलं होतं, त्यालाही कुंकवाचं बोट लावलं होतं. सरांनी ते अलगद उचललं, कुंकू पुसलं आणि खिशात टाकलं. मंदा म्हणाली, "सर, तेही आपलंच हत्यार आहे ना?" सर म्हणाले, "म्हणूनच."

पुढच्या दसऱ्याला रोहिणीचं लग्न ठरलेलं होतं. चेहरा नुसता फुललेला. सर म्हणाले, "आज कशाला? खुशीत आहे." त्याच्या पुढच्या दसऱ्याला कडेवर बाळ होतं, ते रडत होतं. मग एकदा सासू बरोबर होती. एकदा सर स्वतःच तापानं घरी होते, आणि मला वाटतं त्यांना त्या तापाचं बरंच वाटलं असावं. आणि ती दर वर्षी, न चुकता, हसत हसत तेच म्हणायची, "माझीच घाई नडली सर." तोवर ती गॅस एजन्सीच्या काउंटरवर नोकरीला लागली होती. रस्त्यात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलीस मुली दिसल्या की अजून थांबून बघत राहते म्हणाली एकदा. तेही हसतच.

मी चिडून म्हटलं, "सर, ती पोरगी आयुष्यभर स्वतःला दोष देणार. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"नाही." इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले. मग हळू आवाजात, "तुम्ही सांगितलंत तर तिला कळेल, भुलाबाई. मी सांगितलं तर..." हात धुवायला निघून गेले. त्यांची एकही गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. गोष्ट ऐन रंगात यायची, रक्त थांबायचं, आणि सर गॉज काढून कामाला लागायचे. तो बोकड विहिरीतून निघाला की नाही, मला आजही माहीत नाही.

एकदा मात्र ठरवलंच. एका रविवारी मला म्हणाले, "गाडी काढा, इंदिरानगरला जायचंय. तिच्या घरी जाऊन सांगतो." वाटेत शर्टाचं वरचं बटण नुसतं उघडबंद करत होते. मी खाली गाडीत बसले. म्हटलं, सुटलो बाई एकदाचे! बराच वेळ झाला तरी येईनात. शेवटी आले. हातात करंज्यांचा डबा आणि मागून सगळी बिल्डिंग त्यांना पोचवायला. झालं होतं असं, की देवरे सर आलेत हे कळल्यावर तिच्या सासूनं गुडघे दाखवले. मग शेजारच्या आजींनी. मग वरच्या मजल्यावरून कुणाचा तरी खांदा उतरून आला. सर एकेकाचं तपासत बसले. रोहिणी चहा करत होती.

"सांगितलंत?"

डबा मांडीवर धरून ते समोर बघत राहिले. "दारावर माझा फोटो लावलाय तिनं," म्हणाले. "गणपतीच्या खाली." मग म्हणाले, "चला."

मी गाडी सुरू केली. रागही आला आणि हसूही आलं, आणि सिग्नलला थांबलो तेव्हा बघते तर सर रडत होते.

खरं सांगू का, माझा अजूनही त्यांच्यावर राग आहे. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना हा माणूस कधी अडखळला नाही. पण इथं थांबत राहिला. रक्तासाठी थांबणं वेगळं, तिथं थांबलं की काम होतं. इथं नुसतंच थांबले, आणि मधे एकेक वर्ष जात राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोडी परत आली, तीही सगळी नाही. नाशिकला येऊन शिकलेलं सगळं बोलणं गेलं आणि उरली ती सटाण्याची, लहानपणची अहिराणी. तीही दोन-चार शब्द. देवरे वहिनी म्हणायच्या, "मलाच समजत नाही हो, सासूबाई असत्या तर समजलं असतं."

रोहिणीला कळलं तशी ती धावत आली. तिच्या पद्धतीनं धावत, एक खांदा जरा खाली सोडून. मी तिथंच बसले होते. तिनं सरांचा हात हातात घेतला. "सर, ओळखलंत का? मी रोहिणी. तुमची नडगी." सरांनी डोळे उघडले. ओळखलं. चेहरा असा कसानुसा झाला आणि ते बोलायला लागले, "सांगानं शे... तुले सांगानं शे..."

"काय म्हणतात सर?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "म्हणतात, तुला सांगायचंय."

"सांगा ना सर."

त्यांनी तोंड उघडलं. कपाळावरची शीर फुगली. शब्द नाही. पुन्हा "सांगानं शे," आणि पुन्हा काही नाही. मग त्यांनी डावा हात तिच्या हातातून सोडवून घेतला, चाचपडत खाली नेला. ती कॉटच्या कडेला एक पाय वर घेऊन बसली होती. साडीवरूनच त्यांना तिची नडगी सापडली. बरोब्बर ती जागा. त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि दाबून धरला.

"बघा, अजून तपासतायत माझा पाय," रोहिणी हसली. तिचे डोळे भरले होते. "सर, पाय छान आहे. तुम्ही काही चुकला नाहीत. माझीच घाई नडली होती."

सरांनी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा पुन्हा. नाही, नाही. डोळ्यांतून पाणी उशीवर जात होतं. वहिनी घाबरल्या, त्यांचा हात काढायला गेल्या. तो निघेना.

"असू द्या वहिनी," रोहिणी म्हणाली. आणि त्यांच्याकडे वाकून, लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "सावकाश सांगा सर. घाई काय आहे? दसऱ्याला मी येणारच आहे."

मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. त्यांचा हात तिच्या पायावर, आणि नजर माझ्यावर. ती नजर मला मनाई करत होती की परवानगी देत होती, ते मला कळलं नाही. त्या आठवड्यातच ते गेले.

काल हे एवढं लिहून झालं. मग मंदाला फोन लावला. म्हटलं, "येते गं पूजेला. खिडकीतली सरांची बशी आहे ना अजून?"

"आहे ना. कोण हलवणार?"

"असू दे. आणि रोहिणी आली की तिला जाऊ देऊ नकोस. बसवून ठेव."

"का हो मॅडम?"

"सरांची एक गोष्ट अर्धी राहिलीय," मी म्हटलं. "ती तिला शेवटपर्यंत सांगायचीय."